छातीत डाग आणि अंगावर पुरळ: टीबीच्या आड लपणारी बुरशी कशी ओळखायची?



२०२१ साली ‘ब्लॅक फंगस’ हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोहोचला. कोविडमधून उठलेल्या माणसाचा चेहरा सुजायचा, डोळा जायचा आणि काही दिवसांत जिवावर बेतायचं. बुरशी माणसाच्या शरीरात आत शिरते आणि मारते, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत बुरशी म्हटलं की पावावरची, लोणच्यावरची, नाहीतर अंगावरचं गजकर्ण, इतकंच डोक्यात यायचं.

आज ज्या बुरशींबद्दल मी बोलणार आहे, त्यांचा स्वभाव अगदी उलटा आहे. त्या घाई करत नाहीत. श्वासातून आत जातात, फुप्फुसात बसतात आणि तिथून रक्तावाटे कातडीपर्यंत पोहोचतात. हे सगळं व्हायला आठवडे लागतात, कधी महिने, कधी वर्षं. या काळात रुग्णाला ताप येतो, खोकला येतो, वजन उतरतं. आपल्या देशात ताप, खोकला आणि वजन उतरणं या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की डोळ्यासमोर एकच आजार येतो. तो म्हणजे टीबी. तसा विचार करणं बरोबरच आहे, कारण शंभरातल्या बहुतेकांना टीबीच असतो. आजचं बोलणं उरलेल्या थोड्यांबद्दल आहे. ते टीबीची औषधं घेत राहतात, बरे होत नाहीत, आणि त्यांच्या आजाराचं खरं नाव कुणी उच्चारतच नाही.

एक रुग्ण समोर आणा

समजा, पस्तीस-चाळिशीचा एक माणूस आहे. दोन महिने संध्याकाळी ताप येतोय, कोरडा खोकला आहे, आठ-दहा किलो वजन उतरलंय. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत मोहरीच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके आहेत. थुंकी तपासली, टीबीचे जंतू दिसले नाहीत. सीबीनॅट केली, तीही निगेटिव्ह. तरी चित्र टीबीचंच आहे म्हणून औषधं सुरू झाली. महिना गेला, ताप उतरला नाही. मग तोंडात एक व्रण झाला, तो भरेना. चेहऱ्यावर, छातीवर आणि दंडांवर बारीक गाठी आल्या. त्यातल्या काहींच्या मधोमध खळगा आहे, बेंबीसारखा.

त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, औषधाची ॲलर्जी असेल, थोडं स्टेरॉईड घेऊन बघा. छातीचे डॉक्टर म्हणाले, औषधाला दाद न देणारा टीबी असेल, औषधं वाढवू. दोघांनीही आपापल्या परीने विचार केला होता. पण फुप्फुस एकाकडे आणि कातडी दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली. दोन्ही खुणा एकाच आजाराच्या असतील का, हा प्रश्न मधल्या मधे राहून गेला.

आज एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: छातीत डाग आणि अंगावर नवं पुरळ, सोबत लांबलेला ताप, असं एकत्र आलं की बुरशीचं नाव यादीत लिहायचं. ती बुरशीच असेल असं मी म्हणत नाही. पण यादीत नाव नसेल तर तपासणी होत नाही, आणि तपासणी नाही तर निदान नाही.

मातीतून फुप्फुसात, फुप्फुसातून कातडीत

या गटातल्या बुरशी राहतात मातीत. हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीला पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा मिसळलेली माती फार मानवते. जुनी पडकी घरं, गुहा, वटवाघळांची वस्ती असलेली झाडं, कोंबड्यांची जुनी खुराडी ही तिची घरं. तिथे कुणी खणलं, झाडलं, पाडकाम केलं की तिचे सूक्ष्म कण धुळीबरोबर उडतात आणि श्वासावाटे आत जातात.

मातीत ही बुरशी धाग्यांच्या रूपात असते. शरीरात ३७ अंशांची ऊब मिळाली की ती रूप बदलते आणि दोन ते चार मायक्रॉनच्या इवल्याशा गोल पेशी बनते. तापमानाप्रमाणे दोन रूपं घेते म्हणून तिला द्विरूपी बुरशी म्हणतात. या गोल पेशींना गिळायला आपल्या संरक्षक पेशी येतात. गिळतातही, पण लगेच मारू शकत नाहीत. उलट त्याच पेशींच्या पोटात बसून बुरशी यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा आणि त्वचा असा प्रवास करते.

धडधाकट माणसात बहुतेक वेळा हे पहिल्या काही आठवड्यांतच आटोक्यात येतं. सर्दी-खोकल्यासारखं काहीतरी होऊन जातं, फुप्फुसात एखादा चुन्याचा ठिपका मागे राहतो. पण एचआयव्ही असेल, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील, बरेच दिवस स्टेरॉईड किंवा संधिवाताची नवी इंजेक्शनं घेतली असतील, तर बुरशी अंगभर पसरू शकते. कधी कधी तर जुना, झोपलेला संसर्ग वर्षांनंतर जागा होतो. आणखी एक गोष्ट आपल्या देशात वारंवार दिसते: प्रतिकारशक्ती वरवर ठीक वाटणाऱ्या माणसांतही हिस्टोप्लाझ्मा सापडते, विशेषतः मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत. म्हणून एचआयव्ही निगेटिव्ह आली की बुरशीचा विचार सोडून द्यायचा, हे चुकीचं आहे.

कातडीवरचं पुरळ हे संसर्ग रक्तावाटे पसरल्याची खूण असते, आणि निदानाच्या दृष्टीने ते वरदानही असतं. फुप्फुसातला तुकडा काढायला दुर्बीण लागते, भूल लागते, धोका असतो. चेहऱ्यावरच्या गाठीचा तुकडा साध्या ओपीडीत पाच-दहा मिनिटांत काढता येतो. जे फुप्फुसात लपलंय, ते कातडीने बाहेर आणून दाखवलेलं असतं.

इथे एक फरक सांगते. काही बुरशी थेट कातडीतूनच आत शिरतात. हिमाचलच्या कांगडा भागात आणि हिमालयाच्या पायथ्याशी स्पोरोट्रायकोसिस आढळतो. काटा टोचतो, तिथे गाठ येते आणि मग हातावर वरच्या दिशेने गाठींची माळ तयार होते. एका अवयवावर, एका रेषेत गाठी असल्या तर बाहेरून टोचलं गेल्याचा विचार करायचा. चेहरा, धड, हातपाय असं सगळीकडे विखुरलेलं पुरळ असेल तर ते आतून आलंय असं धरून छाती तपासायची.

तुम्ही कुठे राहिलात, हा प्रश्न

या मालिकेचे प्रेक्षक फक्त महाराष्ट्रात नाहीत. कुणी कोलकात्यात आहे, कुणी पाटण्यात, कुणी लष्करी नोकरीत ईशान्येकडे राहून आलंय. म्हणून नकाशाबद्दल थोडं बोलायला हवं.

हिस्टोप्लाझ्मोसिसचा भारतातला पहिला रुग्ण १९५४ साली कलकत्त्याहून पांजा आणि सेन यांनी नोंदवला. पुढे १९७५ साली सन्याल आणि थमय्या यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या मातीतून ही बुरशी वेगळी काढून दाखवली. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश हा तिचा मुख्य पट्टा मानला जातो, पण रुग्ण देशाच्या इतर भागांतूनही नोंदले गेले आहेत.

ईशान्येत, मुख्यतः मणिपुरात, दुसरी एक द्विरूपी बुरशी आहे: टॅलरोमायसिस मार्नेफाय. ही बुरशी १९५६ साली व्हिएतनाममध्ये बांबूच्या बनात राहणाऱ्या उंदरात सापडली. मणिपूरमधल्या एचआयव्हीबाधित रुग्णांत ती १९९९ साली नोंदवली गेली, आणि तिथल्या बांबू-उंदरांतही पुढे ती आढळली. हिच्यात चेहऱ्यावर आणि अंगाच्या वरच्या भागावर मधोमध खळगा असलेल्या, कधी काळपट खपली धरलेल्या गाठी येतात.

तिसरी क्रिप्टोकॉकस. ती देशात सगळीकडे आहे, कबुतरांच्या विष्ठेत आणि काही झाडांच्या पोकळ्यांत सापडते. तिचा मेंदूच्या आवरणाला होणारा संसर्ग डॉक्टरांना चांगला माहीत असतो, पण ती फुप्फुसात डाग आणि कातडीवर तशाच खळग्याच्या गाठी देऊ शकते, हे विसरलं जातं.

म्हणून रुग्णाला हे प्रश्न विचारायचे. सध्याचा पत्ता पुरेसा नाही, लहानपण कुठे गेलं? नोकरी कुठे कुठे झाली? मुंबईत, पुण्यात, सुरतेत काम करणारा माणूस मूळचा बिहार-बंगालचा असू शकतो. आसाम-मणिपुरात तीन वर्षं राहून आलेला जवान आता साताऱ्यात असू शकतो. काम काय? बांधकाम, पाडकाम, कोंबडीपालन, विहीर साफ करणं, गुहेत जाणं? हे प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात पुढच्या तपासण्यांची दिशा बदलते.

हा गोंधळ जुनाच आहे

टीबी आणि बुरशी यांची गल्लत आजची नाही. १९०५ च्या डिसेंबरात पनामा कालव्याच्या परिसरात सॅम्युअल डार्लिंग हे अमेरिकी डॉक्टर शवविच्छेदन करत होते. मृत माणूस मार्टिनिक बेटावरून आलेला कामगार होता. फुप्फुसं बारीक दाण्यांनी भरलेली, अगदी अंगभर पसरलेल्या टीबीसारखी. पण सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू नव्हते, पेशींच्या आत बारीक गोल शरीरं होती. डार्लिंगना ती काळाआजाराच्या परजीवीसारखी वाटली. त्यांनी नाव ठेवलं हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम, म्हणजे पेशीत राहणारा, कवच असलेला, हिवतापाच्या जंतूच्या जातकुळीचा जीव. पुढे कळलं की तो परजीवी नाही आणि त्याला तसं कवचही नाही. ही बुरशी असावी, हे १९१२ मध्ये हेन्रिक दा रोशा लिमा यांनी सुचवलं, आणि १९३४ मध्ये प्रयोगशाळेत ती वाढवून त्यावर शिक्कामोर्तब झालं.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की डार्लिंगना पडलेला पेच बिहारमधल्या डॉक्टरला आजही पडू शकतो. तिथे काळाआजारही आहे, टीबीही आहे आणि हिस्टोप्लाझ्माही आहे. तिन्हींत ताप, वाढलेली प्लीहा, खालावलेलं रक्त. अस्थिमज्जेच्या काचपट्टीवर काळाआजाराचा परजीवी आणि ही बुरशी दोन्ही पेशींच्या पोटात बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. फरक असा की परजीवीत गोल केंद्रकाशेजारी एक छोटी दांडीसारखी रेघ असते, बुरशीत ती नसते. बघणाऱ्याला ती रेघ शोधायची आहे हे ठाऊक असावं लागतं.

तपासणी: दोन बाटल्यांचा नियम

आता सगळ्यात उपयोगाचा भाग.

त्वचेचा तुकडा काढला की तो साधारणपणे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीकडे पाठवतात. फॉर्मॅलिनमध्ये पेशींची रचना टिकते, पण जिवंत जंतू मरतात. म्हणजे त्या तुकड्यातून कल्चर कधीच होणार नाही. म्हणून तुकडे दोन घ्यायचे आणि बाटल्याही दोन. एक फॉर्मॅलिनची, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी निर्जंतुक सलाईनची, मायक्रोबायॉलॉजीसाठी. दुसऱ्या बाटलीचा खर्च जवळजवळ शून्य आहे. ती नसेल तर रुग्णाला पुन्हा तुकडा द्यावा लागतो, किंवा निदान अर्धवट राहतं.

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर फक्त ‘त्वचेचा तुकडा, टीबी आहे का?’ असं लिहून भागत नाही. ताप, फुप्फुसातले डाग, रुग्ण कुठला, एचआयव्हीची स्थिती हे लिहा आणि पुढे ‘बुरशीसाठी विशेष रंग करावेत’ असंही लिहा. नेहमीच्या रंगात ही बुरशी फिकट दिसते, नजरेतून सुटू शकते. जीएमएस रंगात तिच्या भिंती काळ्या होतात, पीएएसमध्ये गडद गुलाबी. टीबीत जशा संरक्षक पेशींच्या गाठी दिसतात तशाच बुरशीतही दिसतात. नुसत्या गाठी पाहून टीबी म्हटलं तर घात होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली एकेकीची ठेवण वेगळी असते. हिस्टोप्लाझ्माच्या पेशीला बारीक मानेची कळी फुटते. टॅलरोमायसिसला कळी फुटत नाही, ती मधोमध पडदा घालून दोन भागांत विभागते. क्रिप्टोकॉकसभोवती जाड कवच असतं, त्यामुळे तिच्याभोवती रिकामं वलय दिसतं. भारतात क्वचित दिसणाऱ्या ब्लास्टोमायसिसमध्ये पेशी बरीच मोठी आणि कळीचं बूड रुंद असतं. चांगल्या पॅथॉलॉजिस्टला हे पाहून त्याच दिवशी दिशा देता येते.

कल्चर हा पक्का पुरावा, पण धीर हवा. हिस्टोप्लाझ्मा वाढायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. प्रयोगशाळेला आधी सांगून ठेवा, म्हणजे बाटल्या लवकर टाकून दिल्या जाणार नाहीत. आधी सांगण्याचं दुसरंही कारण आहे: वाढलेल्या बुरशीचे कण श्वासात गेले तर तिथल्या तंत्रज्ञाला संसर्ग होऊ शकतो. टॅलरोमायसिसचं काम थोडं सोपं, कारण २५ अंशांवर वाढताना ती आजूबाजूच्या माध्यमात लाल रंग सोडते.

रुग्ण गंभीर असेल तर सहा आठवडे कोण थांबणार? इथे अँटिजेन चाचण्या उपयोगी पडतात. क्रिप्टोकॉकससाठी रक्ताच्या थेंबावर पट्टीची चाचणी आहे, दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. हिस्टोप्लाझ्मासाठी लघवीतली अँटिजेन चाचणी आहे, अंगभर पसरलेल्या आजारात ती फार चांगली चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक चाचण्यांच्या यादीत ती आहे, पण आपल्याकडे ती सहज मिळत नाही. शिवाय हिस्टोप्लाझ्माची ही चाचणी टॅलरोमायसिसमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रुग्ण कुठला हा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

आणि सीबीनॅट? ती उत्तम चाचणी आहे, पण ती फक्त टीबीचा जंतू शोधते. निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असं होत नाही, आणि बुरशीबद्दल ती काहीच सांगत नाही. उलट, ती पॉझिटिव्ह आली म्हणून बुरशी नाही असंही नाही. एचआयव्ही असलेल्या माणसात दोन्ही एकत्र असू शकतात. टीबीच्या औषधांनी थोडं बरं वाटलं आणि मग गाडी अडली, तर दुसरा पाहुणा आहे का हे पाहायला हवं.

ॲड्रिनल ग्रंथींचा उल्लेख मघाशी केला. रुग्ण विलक्षण थकलेला असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, रक्तदाब आणि सोडियम कमी असेल, कातडी काळवंडली असेल, तर सीटी स्कॅनमध्ये या ग्रंथी बघायला सांगा आणि रक्तातलं कॉर्टिसॉल तपासा. दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या की पुन्हा टीबीच म्हटलं जातं. सुईने घेतलेला नमुना तिथेही खरं काय ते सांगतो.

चुकीच्या नावाची किंमत

कुणी विचारेल, नाव चुकलं तर एवढं काय बिघडतं? बरंच बिघडतं. बुरशीवर टीबीची औषधं चालत नाहीत. ॲलर्जी समजून स्टेरॉईड दिलं तर दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. अंगभर पसरलेला हिस्टोप्लाझ्मोसिस किंवा टॅलरोमायकोसिस उपचारांविना राहिला तर बहुधा जीव जातो. नाव वेळेवर कळलं तर मात्र उपाय आहे: गंभीर आजारात आधी शिरेतून ॲम्फोटेरिसिन, नंतर अनेक महिने इट्राकोनॅझोलच्या गोळ्या. व्हिएतनाममध्ये टॅलरोमायकोसिसच्या ४४० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुरुवात ॲम्फोटेरिसिनने केलेल्यांत चोवीस आठवड्यांत सुमारे ११ टक्के रुग्ण दगावले, थेट इट्राकोनॅझोलने केलेल्यांत २१ टक्के. नुसतं औषध असून भागत नाही, त्याचा क्रमही महत्त्वाचा आहे.

इथे एक खड्डा आहे. टीबीचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन हे इट्राकोनॅझोलला शरीरातून इतक्या वेगाने बाहेर काढतं की रक्तात ते जेमतेम उरतं. दोन्ही चालू ठेवली तर कागदावर बुरशीचा उपचार दिसतो, प्रत्यक्षात होत नाही. आम्लपित्ताच्या गोळ्यांचंही तसंच, त्यांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल नीट शोषल्या जात नाहीत. म्हणून रुग्णाने आपण घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरला दाखवायची, ‘ती तर साधी पित्ताची आहे’ म्हणून वगळायची नाही. आणि टीबीची औषधं आपल्या मनाने थांबवायची नाहीत. काय बंद करायचं, काय बदलायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही रुग्ण असाल किंवा घरातलं कुणी आजारी असेल, तर टीबीच्या औषधांना महिना-दोन महिने होऊनही ताप आणि वजन जागच्या जागी असेल तर विचारा, ‘जंतू प्रत्यक्ष सापडला होता का, की चित्र पाहून औषध सुरू केलं?’ अंगावर नवं काही उठलं तर छातीच्या डॉक्टरलाही दाखवा, आणि त्वचेच्या डॉक्टरला छातीचा एक्स-रे दाखवा. जुने राहण्याचे पत्ते सांगा. पुरळाचा फोटो तारखेसकट फोनमध्ये ठेवा. असं विचारलं म्हणून डॉक्टरवर अविश्वास दाखवला असं होत नाही, त्याला हवी ती माहिती मिळते.

तुम्ही डॉक्टर असाल तर माझी विनंती छोटी आहे. प्रत्येक रुग्णामागे बुरशी शोधा, असं मी म्हणत नाही. टीबीचा पुरावा नाही, औषधाला दाद नाही आणि कातडीवर किंवा तोंडात काहीतरी आहे, या तीन गोष्टी जुळल्या की एक तुकडा काढा, दोन बाटल्यांत घाला आणि प्रयोगशाळेत फोन करा. तिथे बसलेला माणूसही त्या फोनची वाट बघत असतो. नमुन्याबरोबर रुग्णाची हकीगत आली, तर काय शोधायचं ते त्याला कळतं.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी केली. तीत १९ नावं आहेत. क्रिप्टोकॉकस सर्वांत वरच्या गटात आहे, हिस्टोप्लाझ्मा त्याखालच्या गटात, टॅलरोमायसिस तिसऱ्यात. जगाच्या यादीत ती नावं आली. आता ती आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर, ‘संभाव्य निदान’ या रकान्यात, टीबीच्या खाली दुसऱ्या ओळीत यायला हवीत.

तुमचे प्रश्न जरूर पाठवा. मात्र कुणाचे रिपोर्ट पाठवून औषध विचारू नका. ते रुग्णाला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरनेच सांगायचं असतं.